नागदेवी स्ट्रीटवरचं जुन्या हत्यारांचं दुकान: पाचातले चार तारे

लालबागच्या खोलीत आजोबांच्या ट्रंकेत वीतभर पोलादी पट्टी सापडली. पातळ, लवचीक, टोकाशी तिरकी खाच. आई तिनं वर्षानुवर्षं पाकिटं फोडायची. चांभाराची म्हणावी तर धार नाही.

मस्जिद बंदरला उतरून या दुकानात नेली. गल्ल्यावरच्या पोरानं "भंगार आहे, काका" म्हणत परत सरकवली. (एक तारा तिथेच गेला.) मागून म्हातारे कारागीर आले, पट्टी अंगठ्यानं वाकवून म्हणाले, "घरात कोणी साचेवाला होता का?" (साचा म्हणजे कापड गिरणीतला माग.) खिशातला कंगवा काढला, पट्टी दोन दातांमधून सारली, खाचेत दोरा अडकवून ओढला. रीडहुक! मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की तो सांधून फणीच्या बारीक फटीतून असा ओढून घ्यायचा. धार नको, नाहीतर शेजारचे धागे कापले जातात.

आजोबा 18 जानेवारी 1982 ला गिरणी संपावर गेले, ते साच्यावर परतलेच नाहीत.

गंजावर तेलाचा हात फिरवून दिला, पैसे घेतले नाहीत. लाजेकाजेस्तव मी एक पाना घेतला. तोही चांगला निघाला. दुपारी मात्र जाऊ नका, हातगाड्यांतून वाट काढेपर्यंत घाम निघतो.