खरिपाआधी मदत द्यायची आहे: रोख रक्कम, बियाणं-खत की शेळ्या?

पुण्या-मुंबईतली गाववाल्यांची मंडळं मे महिन्यात वर्गणी काढतात. पैसे आठवड्यात जमतात, पण ते गावाकडच्या दोन-अडीच एकरवाल्यांना कोणत्या रूपात द्यायचे यावर महिनाभर वाद होतो. आमच्याही मंडळात झाला. गाव लातूरच्या बाजूचं, कोरडवाहू. सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. तुम्हीही याच पेचात असाल तर माझं मत आधीच सांगून टाकतो. घरटी दहा हजारांच्या आसपास देता येत असतील, तर पेरणीआधी, एकरकमी, थेट खात्यात टाका. दोन बाबतीत मात्र मी याच्या उलट सांगेन.

बियाणं-खताचा संच

पहिल्या वर्षी आम्ही संचच वाटले. घरटी सोयाबीनची एक बॅग आणि डीएपी खताची एक. फोटो झकास आले. दुसऱ्या दिवशी चुलत्यांकडे गेलो, तर काकू ओसरीत बसून ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडत होती. आत घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मांडलेले. कोंब आलेले तिने बोटाने मोजले, ७८ भरले. सत्तरच्या वर उगवण असली की घरचं बियाणं खुशाल पेरायचं. सोयाबीन सरळ वाणाचं पीक, एकदा चांगलं बियाणं घेतलं की दोन-तीन वर्षं त्याचंच पुढे चालतं. म्हणजे आमची बॅग त्या घरात बिनकामाची होती. काकांना हवे होते ट्रॅक्टरवाल्याला द्यायला पैसे, तो उधारीवर मोगडायला येत नाही. त्यांनी बॅग भावकीतल्या एकाला पडत्या भावात दिली. आम्ही दुकानात मोजलेल्या रकमेतले कितीतरी पैसे असे वाटेतच जिरले.

वर दोन घरांत बियाणं नीट उगवलंच नाही. दुबार पेरणी करावी लागली आणि बोल आम्हाला. "तुम्हीच आणलं होतं की!"

तरी संचाची एक बाजू खरी आहे, आणि हा माझा पहिला अपवाद. एखाद्या वर्षी ऐन जूनमध्ये डीएपी मिळेनासा होतो. बॅगेवर १,३५० छापलेले असतात, पण दुकानदार सोबत दुसरं काहीतरी गळ्यात मारतो. याला सगळे लिंकिंग म्हणतात. तेव्हा हातात पैसे असून उपयोग नसतो. टंचाईची कुणकुण लागली असेल तर मंडळाने आधीच घाऊक खत आणून ठेवणं बरं.

रोख रक्कम

रोखीचा मोठा फायदा मी दुकानाच्या वहीत पाहिला. एकाच बॅगेचे दोन भाव असतात, रोखीचा आणि उधारीचा, आणि उधारीचा भाव विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. उधारीवर घेणाऱ्याला अमुकच वाण द्या असं म्हणता येत नाही, देतील ते उचलायचं. खरा फटका दिवाळीच्या तोंडावर बसतो. वहीतलं देणं भागवायचं म्हणून मळणी झाली की माल लगेच आडतीवर जातो, ओलावा जास्त म्हणून भाव तुटतो. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि दिवाळीच्या सुमारास बाजारात चार हजारांच्या आसपास सौदे होत होते. हमीभाव केंद्रावर नोंदणी करा, माल वाळवा, पैशांची वाट पाहा, हे सगळं ज्याचं वहीत नाव नाही त्यालाच परवडतं.

"सरकारचे बारा हजार येतातच की," असं आमच्यातल्या एकाने ऐकवलं. येतात. पीएम किसानचे ६,००० आणि २०२३ पासून नमो शेतकरीचे ६,०००. पण दोन्ही दोन-दोन हजारांच्या हप्त्यांत, आणि हप्ता पेरणी बघून पडत नाही. तो किराणा, औषधपाणी, पोरांच्या वह्या यांत जातो. ते वाईट नाही, पण त्याने उधारी टळत नाही. केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेच्या रोख मदतीवर हौसहोफर आणि शापिरो यांचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यातही हेच दिसलं. दरमहा रक्कम मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याचं बरं झालं. एकरकमी मिळालेल्यांनी घरावर पत्रे टाकले, टिकाऊ वस्तू घेतल्या. आणि "दारूत उडवतील" म्हणणाऱ्यांसाठी: दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नव्हता. आमच्याकडे एकाने उडवले, नाही असं नाही. पण संच वाटले त्या वर्षी त्याने खताची बॅगही विकलीच होती.

रक्कम बाईच्या खात्यात टाकल्याने केनियात फारसा फरक दिसला नव्हता. मी तरी तिथेच टाकायला सांगेन, कारण पीककर्ज थकलेलं असेल तर नवऱ्याच्या खात्याला बँकेचा होल्ड असू शकतो. मग तुमची मदत तिथेच अडकते.

शेळ्या आणि बिनव्याजी उसने

शेळी भूमिहीनांसाठी चांगली, पण रोज रानात न्यायला माणूस आणि वेळेवर पीपीआरची (शेळ्यांच्या साथीच्या रोगाची) लस हवी. दोन्ही नसेल तर नाद सोडा. उसने देण्याच्या भानगडीत तर पडूच नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्यात बिनव्याजीच पडतं. ते ज्याला मिळतं त्याला तुमची गरज नाही, ज्याला मिळत नाही त्याच्याकडे वसुलीला तुम्ही जाणार नाही.

पुरानंतर

दुसरा अपवाद खरडलेल्या जमिनीचा. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात नदीकाठची माती वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. अशा वेळी घरटी दहा हजारांत काही भागत नाही. सगळ्यांचे पैसे एकत्र करून जेसीबी आणि गाळाच्या खेपा लावल्या तर चार-दोन रानं तरी पेरण्याजोगी होतात.

यादी करताना

पीएम किसान सातबारा बघून मिळतं, त्यामुळे बटईने करणारा बाहेर राहतो. तेलंगणच्या आधीच्या रयतू बंधू या रोख मदतीच्या योजनेतही तसंच होतं. ओडिशाच्या कालिया योजनेने मात्र बटईदार आणि भूमिहीनांनाही धरलं होतं. आम्ही पहिली यादी तलाठ्याकडच्या नावांवरून केली आणि फसलो. त्यातले तिघे लातुरात नोकरीला होते, त्यांची रानं दुसरेच कसत होते. यंदा शिवारात फिरून, कोण पेरणार ते विचारून यादी केली आहे. पैसे रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे २५ मेपूर्वी पोचवायचे ठरलंय. गेल्या वर्षी १४ जूनला टाकले, तोवर सात घरांनी बॅगा उधारीवर उचलल्या होत्या.