रेकॉर्ड्स कशात ठेवायच्या: कागद की प्लास्टिक, उघडं रॅक की बंद कपाट?

गाण्यांच्या रेकॉर्ड्सचा, म्हणजे तबकड्यांचा, संग्रह वाढायला लागला की बहुतेक जण आधी रॅक शोधायला लागतात. माझं मत उलट आहे. तबकडीला रात्रंदिवस चिकटून असतं ते आतलं पाकीट. पैसे मोजकेच असतील तर ते आधी तिथे घाला, मग बाहेरच्या कव्हरवर आणि फर्निचरवर सगळ्यात शेवटी. चुकीचं रॅक उद्या बदलता येतं. चुकीच्या पाकिटाने खाचांवर उमटवलेली खूण मात्र काही केल्या जात नाही.

आतलं पाकीट

बहुतेक एलपी (लाँग-प्ले, १२ इंची तबकड्या) साध्या कागदी पाकिटातच येतात. कागद ताठ असल्यामुळे तबकडी जॅकेटमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या छापील वेष्टनात, चटकन सरकते, शिवाय कागद हवाही खेळू देतो. पण तो घासतो. जुनी, भरपूर ऐकलेली एलपी दिव्याखाली तिरकी धरून बघा. खाचा गोल गोल जातात, आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या केसासारख्या बारीक सरळ रेषा दिसतात. त्या सुईच्या नव्हेत, कारण सुई खाचेतूनच जाते. त्या उमटतात तबकडी काढता-घालताना, कागद आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये अडकलेल्या धुळीच्या कणांमुळे. अशा अगदी वरवरच्या रेषा अनेकदा ऐकू येत नाहीत, पण खोल गेलेली रेषा दर फेऱ्याला ‘टक्’ करते. जुना स्वस्त कागद काळाबरोबर पिवळा पडतो, त्याच्या कडांचा भुगा होतो, आणि तो भुगा थेट खाचांत जाऊन बसतो. कोरड्या हवेत तबकडी कागदातून ओढली की स्थिर वीज तयार होते आणि खोलीतली धूळ तिच्याकडे धाव घेते.

दुसरा पर्याय म्हणजे एचडीपीई या प्लास्टिकचं पातळ, दुधाळ पाकीट. ते गुळगुळीत असतं, तबकडीशी त्याची कसलीही रासायनिक कुरबुर होत नाही, आणि त्याचा भुगा पडत नाही. जतनाच्या दृष्टीने याला तोड नाही. वापरताना मात्र ते थोडं छळतं. अंगात ताठपणा नसल्यामुळे जॅकेटमध्ये सरकवताना ते खाली गोळा होतं, आणि घाईघाईत दाबलं तर त्याची घडी तबकडीखाली अडकते.

म्हणून तिसरा, मधला प्रकार मला सर्वांत पटतो: बाहेरून कागद आणि आतून एचडीपीईचं अस्तर. कागदाचा ताठपणा मिळतो आणि तबकडीला स्पर्श फक्त प्लास्टिकचा होतो. रोज ऐकायच्या रेकॉर्ड्ससाठी, विशेषतः घरात त्या हाताळणारे हात बरेच असतील तर, हाच घ्या. क्वचित बाहेर निघणाऱ्या, जपून ठेवायच्या रेकॉर्ड्सना नुसतं एचडीपीई चालेल. मूळ पाकिटावर फोटो किंवा गाण्यांचे बोल छापलेले असतील तर ते टाकू नका. रिकामंच जॅकेटमध्ये राहू द्या आणि तबकडी नव्या पाकिटात घाला.

एका प्रकाराला मात्र मी साफ नाही म्हणेन, तो म्हणजे मऊ, काचेसारखं पारदर्शक पीव्हीसी प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नि दाबाने ते बाहेर झिरपतं. तबकडीही पीव्हीसीच्याच कुळातली असल्यामुळे ती त्याला बळी पडते. मग पृष्ठभागावर पांढुरकं धुकं धरतं, कधी कधी पाकिटाच्या सुरकुत्यांच्या आकारात. ते धुऊन जात नाही आणि ऐकताना एकसारखी सूं अशी खरखर मागे लागते. असं पाकीट नाकाने ओळखता येतं: त्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो. संग्रहात एखादं सापडलं तर रविवारची वाट बघू नका, आजच बदला.

बाहेरचं कव्हर

हे म्हणजे जॅकेटवर चढवायचं प्लास्टिक. इथे फार डोकं घालायची गरज नाही. पॉलिप्रॉपिलीन स्वच्छ पारदर्शक असतं, जॅकेटचं चित्र खुलून दिसतं, पण ते करकरतं आणि शिवणीत लवकर फाटतं. पॉलिइथिलीन किंचित धूसर, पण मऊ आणि चिवट. रोज चाळायच्या संग्रहाला दुसरं, मिरवायच्या संग्रहाला पहिलं. जाडी ७५ मायक्रॉनच्या आसपास असली की पुरे. इथेही पीव्हीसी नको, ते जॅकेटच्या छपाईला चिकटतं. नव्या रेकॉर्डवरचं घट्ट पातळ वेष्टनही काढून टाका. ते काळाबरोबर आवळत जातं आणि जॅकेटसकट तबकडीला बाक आणू शकतं.

रॅक की खोका

एलपी किती जड असतात याचा अंदाज पटकन येत नाही. पूर्ण भरलेल्या मीटरभर फळीवर साधारण ५० किलो वजन पडतं. पुस्तकांच्या लांब फळीला इतक्या वजनाने मधोमध झोळ येतो, आणि ३१ सेंटिमीटरहून मोठं जॅकेट तिच्यातून पुढे डोकावतं ते वेगळंच. त्यामुळे ३३ सेंटिमीटरच्या आसपासच्या चौकोनी कप्प्यांचं रॅक बरं. फळीचा पल्ला आखूड राहतो आणि प्रत्येक कप्पा आपोआप बाजूने आधार देतो. घेण्याआधी एका कप्प्याला किती वजन चालतं ते नक्की विचारा.

खोक्याची मजा वेगळी आहे. वरून एकेक जॅकेट पुढे ढकलत चाळता येतं, आणि घर बदलताना खोका जसाच्या तसा उचलता येतो. पण अर्धवट भरलेल्या खोक्यात रेकॉर्ड्स रेलून बसतात, आणि महिनोन्‌महिने तिरक्या राहिलेल्या तबकडीला बाक येतो. खोका घ्यायचाच तर तो भरलेला ठेवा किंवा मागे ताठ आधार द्या. रॅकमध्येही दर १०-१५ सेंटिमीटरवर उभी फळी हवी. त्याच वेळी फार ठासूनही भरू नका. दोन बोटांनी एक रेकॉर्ड काढली की शेजारची सोबत येऊ नये, एवढी मोकळीक हवी. आडव्या चळतीचा विचार तर मनातही आणू नका: खालच्या रेकॉर्डवर सगळ्यांचा भार येतो आणि जॅकेटवर तबकडीचा गोल वळ उमटतो.

उघडं की बंद

याचं उत्तर तुमच्या खोलीतली हवा देते. लहानसा आर्द्रतामापक आणा आणि काही आठवडे बघा. ४० ते ५० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान ही रेकॉर्ड्सच्या सुखाची हवा. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे ती सतत वर-खाली होऊ नये.

हवा कोरडी आणि धूळ फार असेल तर बंद कपाट निःसंशय चांगलं. उजेडही अडतो, जॅकेटचे रंग टिकतात. पण आर्द्रता महिनोन्‌महिने ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बाहेरच्या भिंतीला टेकलेलं बंद कपाट ही सगळ्यात वाईट जागा. प्लास्टिकला पाण्याने काही होत नाही, पण बुरशी जॅकेटच्या पुठ्ठ्यावर आणि खाचांतल्या बोटांच्या तेलकटपणावर पोसली जाते. तिथे उघडं रॅक घ्या, ते भिंतीपासून आणि जमिनीपासून चार बोटं दूर ठेवा, ऊन पडणार नाही अशा बाजूला. धूळ पुसण्याचं काम वाढेल, पण धूळ निघते. पुठ्ठ्यात शिरलेल्या बुरशीचा वास निघत नाही. सिलिका जेलच्या पुड्यांचा भरवसा फक्त घट्ट बंद होणाऱ्या कपाटात, आणि तोही त्या वेळोवेळी तापवून कोरड्या केल्या तरच.

माळ्यावर मात्र कोणत्याच हवेत ठेवू नका. छताखालची उष्णता आणि तिरकी बसलेली रांग एकत्र आली की तबकडी वाकायला वेळ लागत नाही.

७८ च्या तबकड्या असतील तर

एलपीच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या या तबकड्या जड असतात आणि काचेसारख्या फुटतात. त्यांना आम्लरहित कागदाचं पाकीट द्या आणि एलपींच्या रांगेत मिसळू नका. १० इंची आणि १२ इंची शेजारी आल्या की मोठ्या तबकडीवर दाब असमान पडतो. त्यांचा कप्पा वेगळा, सर्वांत खालचा ठेवा. आणि नव्या पाकिटात घालण्याआधी पुसायच्या असतील तर द्रवात अल्कोहोल नाही ना, हे आधी वाचा. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.