कांदा दिल्लीला, द्राक्षं रॉटरडॅमला: माल कशाने धाडायचा?

"रेल्वे स्वस्त पडते का हो?" कांद्याच्या धंद्यात नवा उतरलेला माणूस हे पहिल्याच आठवड्यात विचारतो. पडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला कांदा नाशिकहून दिल्लीला रेल्वेने गेला, तेव्हा एका रेकचा खर्च ७०.२० लाख निघाला; तोच माल ट्रकने नेला असता तर ८४ लाख. रेक म्हणजे ४२ वॅगन, सुमारे १,६०० टन. किलोमागे ८६ पैसे वाचले.

पण हे पैसे तुमच्या खिशात येतील का? ट्रकची गोणी दोनदाच हलते: खळ्यावर भरताना आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवताना. रेल्वेला तीच गोणी आधी ट्रकमध्ये, मग मालधक्क्यावर, मग वॅगनमध्ये, आणि दिल्लीत पुन्हा तेवढंच. सहा वेळा हमाली, सहा वेळा आपट. धक्क्यावर उशीर झाला तर डॅमरेज, म्हणजे वॅगन अडवून ठेवल्याचा दंड, वेगळा. शिवाय बंद वॅगनला हवा कमी. एकदा चार दिवसांनी दार सरकवलं तेव्हा आधी वाफच तोंडावर आली. दाराजवळच्या गोण्या खडखडीत, मधल्या थप्पीतल्या हाताला गरम, खाली काळं पाणी.

तेव्हा शे-दोनशे टनांचा व्यापारी असाल तर ट्रकच धरा. भाडं जास्त, पण दर पडला तर गाडी वाटेतून दुसऱ्या मंडीला वळवता येते; रेक वळत नाही. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली तेव्हा थोडा मालही परवडायचा, पण त्यात त्या ऑक्टोबरपासून निम्म्या भाड्याचं अनुदान होतं. तो हिशेब आज धरू नका.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचं गणितच निराळं. इथे भाड्याआधी थंडी बघायची. प्रीकूलिंग करून (म्हणजे भरण्याआधी माल गार करून), पेटीत बुरशी रोखणारा सल्फरचा कागद घालून माल शून्य अंशाच्या आसपास रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये गेला, की न्हावा शेवा बंदरापर्यंत ट्रेलरवरचा जेनसेट (कंटेनरला वीज देणारा जनरेटर) बंद पडता कामा नये. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या शेवटापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्या वाटेने युरोप दीडेक-दोन आठवडे लांब पडतो. म्हणून बुकिंग करताना दराआधी विचारा, जहाज सुएझ कालव्यातून जाणार की वळशाने. वळशाने असेल तर देठ हिरवा, मणी कडक असलेलाच माल भरा. विमानाचं भाडं द्राक्षाला झेपत नाही, हापूसच्या पहिल्या पेट्यांना झेपतं.