कॅक्टसवरचा पिठ्या ढेकूण: स्पिरिट की निंबोळी तेल?

काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की समजा, पिठ्या ढेकूण आलाय. कुंड्या दोन-चारच असतील तर मी स्पिरिट, म्हणजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच सांगेन. इअरबडने टिपलं की किडीचं मेणाचं कवच विरघळतं आणि ती जागीच मरते. निंबोळी तेलातलं अझाडिरॅक्टिन किडीचं कात टाकणं रोखतं, म्हणजे गुण उशिरा. पण गच्चीभर कुंड्यांना तेच परवडतं. लिटरभर पाण्यात ५ मिली तेल, थोडा पातळ साबण. मात्र नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे धावताना, तेल लागलेला कॅक्टस उन्हात भाजतो. तेव्हा फवारणी संध्याकाळीच, आणि नंतर कुंडी ग्रीन नेटखाली. कीड मुळांशी असेल तर स्पिरिट आणि तेल, दोन्ही राहू द्या. रोप काढून मुळं धुवा, सावलीत सुकवा, नव्या मातीत लावा.