तयार ईटीपी : कवठेमहांकाळ तालुक्यातील एका दूध प्रक्रिया केंद्राचा दीड वर्षाचा अनुभव

कवठेमहांकाळ तालुक्यात आमचे छोटे दूध प्रक्रिया केंद्र आहे. म्हैसाळ योजनेचे आवर्तन सुरू असेल तर आजूबाजूच्या विहिरींना पाणी असते आणि ते बंद झाले की उन्हाळ्यात टँकरवर भागवावे लागते, त्यामुळे सांडपाण्याचा फेरवापर ही आमच्यासाठी हौसेची बाब कधीच नव्हती. दीड वर्षापूर्वी आम्ही दिवसाला ३० हजार लिटर क्षमतेचे तयार सांडपाणी प्रक्रिया संयंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ईटीपी, बसवून घेतला. पुरवठादाराचे नाव येथे देत नाही, कारण खाली लिहिलेले दोष कमी-अधिक प्रमाणात या प्रकारच्या सगळ्याच तयार संयंत्रांत संभवतात.

संयंत्राची रचना नेहमीचीच आहे. जाळी, तूप-तेलाचा सापळा, समीकरण टाकी (कमी-जास्त येणारे पाणी एकत्र साठवून सारखे करणारी), ब्लोअरने हवा सोडलेली, घाण खाणाऱ्या जिवाणूंची टाकी, गाळ बसवणारी टाकी आणि शेवटी वाळूचा व कार्बनचा फिल्टर. टाक्यांचे जोडकाम आणि आतला इपॉक्सी रंग उत्तम असून दीड वर्षात कोठेही गंज धरलेला नाही. पाच अश्वशक्तीचा ब्लोअर दिवसाला साधारण ७० युनिट वीज घेतो. हा आकडा दरपत्रकात स्पष्ट लिहिलेला होता आणि तो खराही निघाला, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

खरी अडचण समीकरण टाकीची होती. दुधाच्या नळ्या आणि टाक्या आधी कॉस्टिक सोड्याने व नंतर नायट्रिक आम्लाने धुतल्या जातात. कॉस्टिकच्या धुवणाचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) बारापर्यंत जातो, आम्लाच्या धुवणाचा दोनपर्यंत उतरतो, आणि जिवाणूंना मात्र साताच्या आसपासचेच पाणी मानवते. ही दोन्ही धुवणे एकाच टाकीत एकत्र आली तर ती एकमेकांना बरीचशी शमवतात, परंतु त्यासाठी दोघांना एकत्र थांबता येईल एवढी जागा टाकीत असावी लागते. पुरवठादाराने दिवसभराचे पाणी चोवीस तासांत सारखे वाटून सहा तासांची, म्हणजे साडेसात हजार लिटरची टाकी दिली होती. दूध केंद्रात पाणी असे सारखे येत नाही. सकाळची धुलाई सुरू झाली की दोन तासांत दहा-बारा हजार लिटर पाणी येऊन आदळते. परिणामी कॉस्टिकचे पाणी पुढच्या टाकीत जाऊन पोहोचायचे तेव्हा आम्लाची धुलाई सुरूही झालेली नसायची. पहिल्या तीन महिन्यांत आमचे जिवाणू दोनदा मेले, आणि दोन्ही वेळा शेण, गूळ, युरिया घालून सगळे पुन्हा पहिल्यापासून उभे करावे लागले. पुरवठादाराच्या सेवेचा माणूस दोन्ही वेळा चार दिवसांनी आला आणि ‘ब्लोअर व्यवस्थित चालू आहे’ असा शेरा लिहून गेला.

शेवटी गावातल्याच गवंड्याकडून २० हजार लिटरची आणखी एक टाकी बांधून घेतली. त्यानंतर संयंत्राचा स्वभावच बदलला. आमचा ऑपरेटर रोज सकाळी हवेच्या टाकीतले एक लिटर पाणी काचेच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवतो. तपकिरी गाळ ३०० मिलीलिटरच्या खुणेपाशी बसला, वरचे पाणी नितळ राहिले आणि वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा आला, तर त्या दिवशी काही पाहावे लागत नाही. दसऱ्याच्या आठवड्यात मात्र याच पात्रात गाळ ८०० च्या खाली उतरेना. चौकशी केली तेव्हा श्रीखंडासाठी बांधलेल्या चक्क्याचे निथळलेले पाणी रात्रपाळीने गटारात सोडले असल्याचे कळले. या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅम असतो. आमचे संयंत्र दिवसाला साधारण ३० किलो बीओडी पचवू शकते आणि त्या रात्रीच्या ५०० लिटरनीच त्यातला वीस किलोचा घास घेतला होता. हा दोष अर्थातच आमचा होता. आता ते पाणी वेगळ्या टाकीत साठवून गोठेवाल्यांना देतो.

प्रक्रिया केलेल्या पाण्याबाबत समाधान आहे. पाणी जमिनीवर सिंचनासाठी सोडायचे असेल तर बीओडीची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे आणि नदी-नाल्यात सोडायचे असेल तर ३०. आमचे गेल्या वर्षभरातील सर्व अहवाल ३० च्या आत आहेत. रोज सुमारे १५ हजार लिटर पाणी आवार धुण्यासाठी, शौचालयांसाठी आणि झाडांसाठी वापरले जाते. दुधाला किंवा दुधाच्या भांड्यांना त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, म्हणून त्याच्या नळांना वेगळा रंग दिला आहे. तरीही उन्हाळ्यात दिवसाकाठी दीड टँकर वाचतो.

एका बाबतीत विक्रेत्याने दिलेली माहिती अपुरी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हे पाणी शेताला बिनधास्त द्या’ असे सांगताना त्यांनी सोडियमचा उल्लेखही केला नाही. कॉस्टिक शमले तरी त्यातले सोडियम पाण्यातच राहते. ते जिवाणूही खात नाहीत आणि वाळूचा फिल्टरही अडवत नाही. कृष्णाकाठची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना काळ्या रानात असे पाणी वर्षानुवर्षे दिल्यास काय होईल हे वेगळे सांगायला नको. आम्ही हे पाणी निचऱ्याच्या मुरमाड जागेतल्या झाडांनाच देतो, दर सहा महिन्यांनी माती तपासतो आणि कॉस्टिकचे शेवटचे द्रावण न सोडता दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुलाईला वापरतो.

किंमत, बांधणी आणि पाण्याचा दर्जा पाहता पाचपैकी साडेतीन गुण देईन; कापलेल्या दीड गुणापैकी एक समीकरण टाकीचा आणि अर्धा सेवेचा. आमच्या ओळखीच्या एका केंद्राने नुकतेच याच पुरवठादाराकडून दरपत्रक मागवले, तर त्यात वाढीव समीकरण टाकी ‘ऐच्छिक’ या सदराखाली, वेगळी किंमत लावून दाखवलेली आहे.