ट्रूनॅट : खोकल्याच्या रुग्णाचे निदान तालुक्यातच

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 19 वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत खोकल्याचा क्रमांक कायम वरचा असतो. बहुतेकांचा खोकला आठ-दहा दिवसांत जातो; ज्यांचा जात नाही त्यांच्यापैकी नेमका कुणाला क्षय आहे, हे वेळेत ओळखणे मला आजही सर्वांत अवघड वाटते. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत क्षय तपासणारे ट्रूनॅट यंत्र बसवल्याला आता चार वर्षे झाली. यंत्र मी स्वतः चालवत नाही. त्याच्या अहवालावरून उपचार ठरवतो, आणि त्याच बाजूने हे परीक्षण लिहीत आहे.

ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीचे आहे. ते बेडक्यात क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधते, म्हणजे तपासणी पीसीआर पद्धतीची, डीएनएच्या असंख्य प्रती करून तो ओळखण्याची आहे. करोनाच्या साथीत 2020 मध्ये याच यंत्रावर करोनाच्याही चाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या निदानासाठी त्याची शिफारस केली. यंत्राचे दोन लहान भाग आहेत, दोन्ही एका टेबलावर मावतात आणि बॅटरीवर चालतात. 40 अंशांपर्यंतच्या तापमानात चालावे अशी त्याची रचना आहे, आणि आमच्या भागातला एप्रिल-मे ज्याने पाहिला आहे त्याला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

एका दुपारी मी मुद्दाम प्रयोगशाळेत बसून सगळी प्रक्रिया पाहिली. बेडक्यात पातळ करणाऱ्या द्रावणाचे थेंब टाकले आणि दहा मिनिटांत तो चिकट गोळा पाण्यासारखा झाला. मग त्यातला भाग कार्ट्रिजमध्ये घालून पहिल्या यंत्रात ठेवला. तिथे साधारण वीस मिनिटांत डीएनए वेगळा झाला. त्यातले केवळ सहा मायक्रोलिटर द्रव, म्हणजे एक इवलासा थेंब, तंत्रज्ञाने सुक्या रसायनाच्या नळीत सोडला, द्रव स्वच्छ होऊ दिला आणि चिपवरच्या खळग्यात अलगद ठेवला. ती चिप दुसऱ्या यंत्रात गेली. पडद्यावरची रेघ बराच वेळ आडवी होती. मग ती वर चढू लागली आणि जंतू सापडल्याचा अहवाल आला. नमुना हाती आल्यापासून तासाभराहून थोडा अधिक वेळ गेला होता. जंतू सापडला की त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हे आणखी तासाभरात कळते.

या वेगाचा रुग्णाला काय उपयोग होतो, हे एका रुग्णावरून सांगतो. गावातले 54 वर्षांचे किराणा दुकानदार, दहा वर्षांचा मधुमेह, तीन आठवड्यांचा खोकला आणि संध्याकाळी कणकण. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग होता. क्षयाचा डाग फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतो, हे विद्यार्थीदशेपासून डोक्यात बसलेले, त्यामुळे मी न्यूमोनिया धरला आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिहून दिले. मधुमेह्यांमध्ये क्षय खालच्या भागातही दिसतो, हे मला ठाऊक होते, तरी त्या क्षणी ते आठवले नाही. त्यातच लिव्होफ्लॉक्सॅसिन क्षयाच्या जंतूलाही अर्धवट मारते; रुग्णाला चार दिवस बरे वाटते, डॉक्टरला आपले निदान बरोबर आल्यासारखे वाटते आणि खरा आजार आत राहतो. तसेच झाले. ते पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा त्यांचे वजन चार किलोने उतरले होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. ट्रूनॅटवर मात्र सापडले. सूक्ष्मदर्शकाने जंतू दिसण्यासाठी बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा हजार जंतू असावे लागतात. डीएनए शोधणाऱ्या चाचण्यांना त्याहून पुष्कळ कमी पुरतात. दुसऱ्याच दिवशी त्यांचे औषध सुरू झाले. ते पंधरा दिवस माझ्यामुळे वाया गेले, याची रुखरुख अजून आहे.

पण त्यांचा पहिला नमुना प्रयोगशाळेने परत पाठवला होता, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात नुसती लाळ होती. आपण सगळे ‘थुंकी तपासून या’ असे म्हणतो आणि रुग्ण प्रामाणिकपणे थुंकी घेऊन जातो. तंत्रज्ञ त्यांना बाहेर झाडाखाली घेऊन गेला आणि म्हणाला, ‘‘काका, थुंकी नको, बेडका हवा. दोनदा खोल श्वास घ्या, रोखून धरा आणि छातीतून खोका.’’ तिसऱ्या प्रयत्नाला डबीत पिवळसर, घट्ट बेडका आला. यंत्र कितीही चांगले असले तरी त्या डबीत जे पडते त्याच्यावरच सगळे अवलंबून आहे. तेव्हापासून मी ‘थुंकी’ हा शब्द चिठ्ठीवर लिहिणे बंद केले आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सूक्ष्मदर्शी केंद्रांवर झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात ट्रूनॅटच्या, क्षयाचा जंतू शोधणाऱ्या एमटीबी प्लस चिपने कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी 80 टक्क्यांच्या आसपास रुग्ण ओळखले. म्हणजे पाचांतला एक सुटला. म्हणून अहवाल निगेटिव्ह आला तरी लक्षणे बोलत असतील तर मी तिथे थांबत नाही. कल्चरला पाठवतो, त्याला सहा आठवडेही लागू शकतात. दुसरे असे की चाचणीला मेलेल्या जंतूचा डीएनएही चालतो. त्यामुळे पूर्वी क्षय होऊन गेलेल्या माणसाचा अहवाल जपून वाचावा लागतो, आणि उपचार लागू पडतो आहे का हे पाहण्यासाठी ती वापरता येत नाही. जंतू अगदी थोडे असतील तर रिफॅम्पिसिनचा निकाल अनिर्णित येतो. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल या दोन चिपांवरून काहीच कळत नाही. त्यासाठी नमुना पुढच्या प्रयोगशाळेत जातो. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, तिथे हे यंत्र जवळ असूनही अडचण राहतेच.

डीएनए शोधणाऱ्याच सीबीनॅट, म्हणजे जीनएक्सपर्ट या दुसऱ्या यंत्राशी तुलना करायची तर त्यात जंतू आणि रिफॅम्पिसिन दोन्हींचा निकाल एकाच कार्ट्रिजमधून दोन तासांत येतो आणि तंत्रज्ञाला हाताने करावे लागणारे काम कमी असते. पण त्याला वातानुकूलित खोली आणि खात्रीची वीज लागते. तालुक्याच्या पातळीवर मला ट्रूनॅटच अधिक व्यवहार्य वाटते.

माझ्या निदानात खरा फरक कुठे पडला, तर शंका घेणे स्वस्त झाले. पूर्वी अशा तपासणीसाठी रुग्णाला सोलापूरला पाठवावे लागे. त्याची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे डोळ्यांसमोर येई. मग ‘आधी एक कोर्स देऊन बघू’ असे मीच ठरवत असे, आणि त्या एका कोर्सचे दोन, दोनाचे तीन होत. आता तपासणी मोफत आहे, माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या रुग्णालाही मोफत आहे, आणि रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे दोन आठवड्यांचा खोकला ऐकला की मी प्रतिजैविकाच्या आधी बेडक्याची डबी हातात देतो. अजूनही कुणी ‘रक्त तपासून टीबी सांगा’ म्हणत आले, तर रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ठरवणाऱ्या चाचण्या बेभरवशाच्या ठरल्यामुळे केंद्र सरकारने 2012 मध्येच त्यांवर बंदी घातली, हे मी समजावून सांगतो.

माझ्या व्यवसायबंधूंनी आपल्या तालुक्यातले यंत्र कुठे आहे याची चौकशी जरूर करावी. रुग्णाला पाठवताना सकाळी उठल्याबरोबरचा नमुना घ्यायला सांगावे, आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावे आणि डबी उघड्यावर, माणसांपासून दूर जाऊन भरायला सांगावी. पूर्वी टीबीचे औषध घेतले होते का, हे चिठ्ठीवर ठळक लिहावे. अहवाल पॉझिटिव्ह आला तर निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाल्याखेरीज रुग्णाला पोषणासाठीचे दरमहा 1,000 रुपये मिळत नाहीत, म्हणून ती नोंद त्याच दिवशी करावी आणि घरातल्या इतरांनाही तपासणीसाठी बोलावून घ्यावे. त्या दुकानदारांच्या पत्नीला महिनाभर खोकला होता आणि तो तिने कुणालाच सांगितला नव्हता. तिचा अहवालही पॉझिटिव्ह आला.