नदीमुखावरचं मिसळण: ड्रोन, विमान की उपग्रह?

ओहोटीला नदीचं पाणी समुद्रात शिरतं तिथे एक रेघ उमटते. अलीकडे गढूळ पाणी, पलीकडे निळसर, मधे फेस, काटक्या, पालापाचोळा. दोन पाण्यांची खरी झटापट या रेघेवर चालते आणि ती कधीकधी जेमतेम काही मीटर रुंद असते. वरून पाहण्याचं साधन निवडताना आधी ही रुंदी लक्षात घ्या.

उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, हा मोठाच फायदा. पण सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहजोडीच्या चित्रातला एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे आपली रेघ एखाद्या पिक्सेलातच विरून जाते. शिवाय हे दोन उपग्रह मिळून त्याच जागी साधारण ५ दिवसांनी येतात, आणि भरतीची ओहोटी व्हायला सहा-सव्वासहा तास पुरतात. गाळाचा पट्टा ऋतूनुसार किती लांब जातो, हे पाहायला उपग्रह उत्तम. मिसळण्याची क्रिया मात्र त्यात दिसत नाही.

विमान अर्ध्या तासात कित्येक किलोमीटर किनारा टिपतं आणि जड उपकरणं वाहून नेतं. त्यातलं सूक्ष्मतरंग रेडिओमीटर, म्हणजे पाण्यातून निघणारे सूक्ष्मतरंग टिपणारं उपकरण, पृष्ठभागाची क्षारता (खारटपणा) मोजतं. क्षारतेचा नकाशाच हवा असेल आणि खर्च झेपत असेल, तर विमान घ्या. पण ते घिरटी घालून परत येईपर्यंत छोटे भोवरे पांगलेले असतात.

एकाच नदीमुखाचा किंवा सांडपाण्याच्या एका नळाचा अभ्यास असेल, तर मी बेधडक ड्रोन सुचवेन. ते जागेवर थांबतं. पाण्यात ऱ्होडामाइन रंग सोडला, तर त्याचा डाग कसा ताणला जातो, त्याला बोटं कशी फुटतात, हे सेकंदासेकंदाला दिसतं. बॅटरी साधारण अर्धा तास चालते, तेव्हा एक जास्तीची सोबत ठेवाच.

अडचणी आहेतच. पाण्यावर स्थिर खुणा नसल्याने फोटो जोडणारं सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून चौकटीत किनाऱ्याचा तुकडा किंवा नांगरलेले तरंगते गोळे असू द्या. ऊन डोक्यावर असताना उडवू नका, लाटांवरची चमक चित्र पुसून टाकते. ड्रोनवरचे हलके थर्मल कॅमेरे तापमानाच्या आकड्यात अंशांनी चुकू शकतात, मात्र शेजारच्या दोन पाण्यांतला फरक ते फार बारकाईने दाखवतात. फरकावर विसंबा, आकड्यावर नको.

थर्मल कॅमेऱ्याला दिसतो तो पाण्याचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ थर. खाली खारं पाणी कुठवर आहे, हे होडीतून क्षारता-तापमानमापक सोडल्यावरच कळतं. तेव्हा काहीही निवडा, होडीचे पैसे आधी बाजूला काढा. होडीचं आणि ड्रोनचं घड्याळही जुळवून घ्या. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर दहा मिनिटांच्या फरकात तुम्ही टिपलेलं पाणी ३०० मीटर पुढे गेलेलं असतं.